अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१–६५: लढायांचा तक्ता आणि भिंतनकाशा (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५

कामाची हद्द ठरली. एक भिंतनकाशा, शेजारी एक तक्ता. उत्तर (संघराज्य) आणि दक्षिण (त्यातून फुटून निघालेली राज्ये) यांच्यात चार वर्षांत लहानमोठ्या चकमकी दहा हजारांच्या घरात झाल्या. १९९३ साली अमेरिकी सरकारच्या आयोगाने त्यांतल्या ३८४ प्रमुख ठरवल्या. भिंतीवर वाचता येतील इतक्याच ओळी घ्यायच्या तर २६ पुरेत.

निवडीला फक्त रक्तपाताचा निकष लावला तर फोर्ट समटर गळतो. १२ आणि १३ एप्रिल १८६१ रोजी तिथे सुमारे ३४ तास तोफा चालल्या आणि त्या माऱ्यात एकही माणूस मेला नाही. तरी पहिली ओळ तीच, कारण युद्ध तिथे सुरू झाले. न्यू ऑर्लिन्सचेही तसेच. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या फॅरागटच्या आरमाराने नदीकाठचे किल्ले ओलांडले आणि दक्षिणेचे सर्वांत मोठे शहर गेले. माणसे त्या मानाने थोडी कामी आली. म्हणून निकष असा: त्या दिवसानंतर सैन्य, नदी, रेल्वे किंवा राजकारण यांपैकी काहीतरी हलले असले पाहिजे.

रकाने सध्या असे: तारीख, जागा, राज्य, दोन्ही सेनापती, उतरलेले सैन्य, हानी, निकाल. ‘निकाल’ या एका रकान्यात सगळे मावेल का, याची शंका आत्ताच आहे.

९ जानेवारी

नावे. उत्तरेचे लोक बहुधा ओढ्यानदीवरून नाव देत, दक्षिणेचे गावावरून. बुल रन म्हणजेच मनॅसस, अँटिटम म्हणजेच शार्प्सबर्ग, स्टोन्स रिव्हर म्हणजेच मर्फ्रीसबरो. दोन वेगळ्या पुस्तकांतून यादी उतरवली की एकच लढाई दोन ओळींत शिरते, आणि एकूण हानीची बेरीज गुपचूप फुगते. उपाय सोपा आहे: जुळणी नावावर नको, तारीख आणि राज्य यांवर करायची. सूचीत दोन्ही नावे, मुख्य ओळीत एकच.

उलट अडचणही आहे. बुल रन दोनदा झाले, २१ जुलै १८६१ आणि २८ ते ३० ऑगस्ट १८६२, जवळपास त्याच शेतांत. नकाशावर दोन्ही खुणा एकमेकींवर बसतात. एकच खूण, तिच्यात दोन सालांचे आकडे.

१४ जानेवारी

माप. पश्चिमेला व्हिक्सबर्ग, पूर्वेला हॅम्प्टन रोड्स, खाली न्यू ऑर्लिन्स, वर गेटिसबर्ग. हा चौकोन रुंदीला साधारण १,३३० किलोमीटर, उंचीला १,०९० भरतो. ए-वन कागद आडवा धरला (८४१ × ५९४ मि.मी.) आणि १ सें.मी. = २० कि.मी. घेतले तर नकाशा ६६.५ × ५४.५ सें.मी. होतो. बाजूला जागा उरते, वरखाली जेमतेम समास.

या मापात व्हर्जिनिया गचडते. वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्यांत अंतर अवघे १६० कि.मी., म्हणजे कागदावर ८ सें.मी. तेवढ्यात बुल रन, फ्रेडरिक्सबर्ग, चान्सलर्सव्हिल, विल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया आणि कोल्ड हार्बर. फ्रेडरिक्सबर्ग ते चान्सलर्सव्हिल तर ८ मि.मी. खुणेचा व्यास ५ मि.मी., त्यामुळे नावे लिहायला जागाच नाही. उरलेल्या उभ्या पट्टीत मनॅसस ते पीटर्सबर्ग एवढाच भाग १ सें.मी. = ६ कि.मी. या मापाने घ्यायचा. तो साधारण १५ × ३० सें.मी. मध्ये बसतो.

रंग: उत्तर निळा, दक्षिण तपकिरी. दक्षिणेचा गणवेश करडा म्हणून करडा रंग घेण्याचा मोह होतो, पण छपाईत तो डोंगरांच्या छटेत विरघळतो. आणि १८६१ मध्ये गणवेशांचाच पत्ता नव्हता. पहिल्या बुल रनला निळ्या कपड्यांतली व्हर्जिनियाची ३३ वी रेजिमेंट तोफांच्या अगदी जवळ येऊन ठेपली. ती आपलीच असेल या समजुतीने उत्तरेच्या तोफखान्याने मारा थांबवला आणि तोफा गमावल्या.

१८ जानेवारी

नद्यांचा थर. प्रत्येक नदीवर प्रवाहाचा बाण हवाच, नाहीतर पश्चिमेतली लढाई कळत नाही. टेनेसी नदी अलाबामातून वळून उत्तरेकडे वाहते आणि ओहायोला मिळते. उत्तरेच्या चिलखती आगबोटी प्रवाहाविरुद्ध वर चढल्या म्हणजे नकाशावर खाली, दक्षिणेत शिरल्या. फोर्ट हेन्री (६ फेब्रुवारी १८६२) पडला तो असा. दहा दिवसांत शेजारच्या कंबरलँड नदीवरचा फोर्ट डोनेल्सन पडला, उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या हाती १२ हजारांहून अधिक कैदी लागले आणि महिना संपण्याआधी नॅशव्हिल गेले.

व्हर्जिनियात नेमके उलटे. रॅपाहॅनॉक आणि तिच्या दक्षिणेच्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. रिचमंडकडे निघालेल्या सैन्याला त्या एकेक आडव्या येतात. पश्चिमेत नदी हा उत्तरेचा रस्ता, पूर्वेत नदी हा दक्षिणेचा खंदक. ही एक गोष्ट नकाशावर नीट उमटली तरी पूर्वेकडे तीन वर्षे गाडे का अडले, याचे अर्धे उत्तर मिळते. फ्रेडरिक्सबर्गच्या ओळीत म्हणूनच तराफ्यांची तारीख घालायची. उत्तरेच्या बर्नसाइडचे पुढचे सैन्य १७ नोव्हेंबर १८६२ ला नदीवर पोचले, पुलाचे तराफे आठवडाभर मागे राहिले, तोवर दक्षिणेचा सेनापती ली समोरच्या टेकड्यांवर येऊन बसला. १३ डिसेंबरला दगडी कुंपणावर एकामागून एक ब्रिगेडी घातल्या गेल्या. उत्तरेची हानी साडेबारा हजारांवर, दक्षिणेची तिच्या निम्म्याहूनही कमी.

२३ जानेवारी

हानीचा रकाना. ‘गेटिसबर्गला ५१ हजार ठार’ हे वाक्य मराठीत जागोजागी सापडते. ५१ हजार ही मृत, जखमी, कैदी आणि बेपत्ता यांची बेरीज आहे, तीही वरच्या अंगाची. मैदानात मेलेले दोन्ही बाजूंचे मिळून आठ हजारांच्या आत. तेव्हा एका रकान्याचे तीन केले: मृत, जखमी, कैदी/बेपत्ता. शायलोची ओळ (६ आणि ७ एप्रिल १८६२) नमुना म्हणून भरली:

उत्तर: १,७५४ / ८,४०८ / २,८८५
दक्षिण: १,७२८ / ८,०१२ / ९५९

एकूण २३,७४६. तीन रकाने झाले की आणखी काही दिसू लागते. मृत आणि जखमी दोन्हीकडे जवळजवळ सारखे. फरक कैद्यांत, कारण पहिल्या दिवशी उत्तरेची दोन हजारांवर माणसे वेढली जाऊन शरण गेली.

दक्षिणेचे आकडे नेहमीच कच्चे. शेवटच्या वर्षाची कागदपत्रे बरीचशी नष्ट झाली, आणि हलक्या जखमा मोजण्याची पद्धतही दोन्ही सैन्यांत सारखी नव्हती. जिथे मोजण्या जुळत नाहीत तिथे शेकड्यांत गोळाबेरीज द्यायची. शेवटच्या अंकापर्यंतचा आकडा छापला की तो खरा वाटतो. एकूण मृतांचेही तसेच. जुना आकडा ६ लाख २० हजार, २०११ साली जनगणनेच्या तफावतीवरून काढलेला अंदाज साडेसात लाखांच्या आसपास. दोन्ही तळटीपेत, आणि सोबत हेही की यांतले सुमारे दोन तृतीयांश गोळीने नव्हे, आजाराने गेले. २६ ओळींतले मृत मिळवून ही बेरीज कधीच येणार नाही.

२८ जानेवारी

‘निकाल’ रकाना मोडला. सात दिवसांच्या लढाया (२५ जून ते १ जुलै १८६२) भरताना ते झाले. हानी लीची जवळजवळ २० हजार, उत्तरेच्या मॅक्लेलनची सुमारे १६ हजार. लीने स्पष्ट जिंकलेली लढाई एकच, गेन्स मिल. शेवटच्या दिवशी मॅल्व्हर्न हिलच्या चढावर दक्षिणेच्या फळ्या तोफांनी अक्षरशः कापून काढल्या. आणि तरीही मागे हटला तो मॅक्लेलन. रिचमंडच्या वेशीवरून निघून तो जेम्स नदीकाठी हॅरिसन्स लँडिंगला जाऊन बसला. इथे ‘विजयी’ कोण लिहायचे?

नवे दोन रकाने केले. पहिला, ‘मैदान कोणाकडे राहिले’. दुसरा, ‘पुढच्या महिन्यात काय बदलले’. आधी भरलेल्या ओळी पुन्हा तपासल्यावर दिसते की हे दोन रकाने निम्म्या वेळाही जुळत नाहीत.

अँटिटम, १७ सप्टेंबर १८६२. चार दिवस आधी लीच्या फौजेच्या विभागणीचा लेखी हुकूम तीन चिरुटांभोवती गुंडाळलेला उत्तरेच्या शिपायांना सापडला होता. मॅक्लेलनकडे जवळपास दुप्पट माणसे होती. त्याने हल्ले तुकड्यातुकड्याने केले, सकाळी उजवीकडे, दुपारी मध्यात, मग डावीकडे पुलावर, म्हणून लीला तीच माणसे इकडून तिकडे हलवता आली. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २२,७००. युद्धातला सर्वांत रक्तरंजित दिवस हाच. १८ तारखेला ली जागीच उभा राहिला आणि रात्री पोटोमॅक ओलांडून गेला. पहिल्या रकान्यात ‘उत्तर, काठावर’. दुसऱ्यात मात्र जागा पुरत नाही: २२ सप्टेंबरला लिंकनने गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली, १ जानेवारी १८६३ पासून ती लागू झाली, इंग्लंड-फ्रान्सने दक्षिणेला मान्यता देण्याची शक्यता मावळली आणि पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या सैन्यात भरती झाले.

चान्सलर्सव्हिल (३० एप्रिल ते ६ मे १८६३) याच्या उलट. साठेक हजारांनिशी लीने उत्तरेच्या हूकरच्या दुपटीहून मोठ्या सैन्याला नदीपार हाकलले. त्याच्या हाताखालच्या जॅक्सनने सुमारे १२ मैलांचा वळसा घालून उघड्या बगलेवर संध्याकाळी घाव घातला. लढाईच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल अशी चाल. पण लीची हानी त्याच्या सैन्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त, हूकरची सातव्या-आठव्या हिश्शाइतकी. आणि जॅक्सन आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी जखमी होऊन १० मे रोजी गेला. दुसऱ्या रकान्यात: उत्तरेचे सैन्य शाबूत, दक्षिणेला भरून न येणारी खोट.

४ फेब्रुवारी

आणखी एक खूण ठरवली: जिथे अख्खे सैन्य शरण गेले तिथे खुणेभोवती दुहेरी वर्तुळ. डोनेल्सन, व्हिक्सबर्ग, अपोमॅटॉक्स (इथे ली शरण गेला). तिन्ही ठिकाणी समोर ग्रँट. हरलेले सैन्य महिन्याभरात पुन्हा उभे राहते. शरण गेलेले सहसा नाही.

व्हिक्सबर्गला एक ओळ देऊन भागत नाही, म्हणून बाजूला दिवसवार पट्टी:

१६ एप्रिल १८६३, रात्र: उत्तरेच्या पोर्टरच्या आगबोटी किल्ल्याच्या तोफांखालून दक्षिणेला निघून गेल्या
३० एप्रिल: ब्रुइन्सबर्गला सैन्य पूर्वतीरावर
१ मे पोर्ट गिब्सन, १२ मे रेमंड, १४ मे जॅक्सन शहर
१६ मे चॅम्पियन हिल, १७ मे बिग ब्लॅक नदीचा पूल
१९ व २२ मे: तटावर थेट हल्ले, दोन्ही फसले
४ जुलै: शरणागती

ग्रँट आधी शहराकडे वळलाच नाही. तो पूर्वेला जॅक्सनवर गेला, रेल्वेचा नाका मोडला आणि मग मागे फिरून दक्षिणेच्या पेम्बर्टनला तटाआड कोंडले. नकाशावर ही वाट एका बाणाने दाखवली तर व्हिक्सबर्ग सरळ समोरून घेतल्यासारखे दिसते. वळण दाखवायला बाणाचे तीन तुकडे हवेत. शरण गेलेले साधारण २९,५००, तोफा १७२. ९ जुलैला पोर्ट हडसन पडले, मिसिसिपी सबंध उत्तरेची झाली, आणि टेक्सासची गुरे व आर्कान्सॉची माणसे पूर्वेला जायची ती थांबली.

११ फेब्रुवारी

गेटिसबर्ग, १ ते ३ जुलै १८६३. याच्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, ओळ थोडक्यात. तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या पिकेट वगैरेंच्या साडेबारा हजार लोकांनी पाऊण मैल उघड्या शेतातून चाल केली, निम्मे परतले. मैदान: उत्तर. बदलले काय: लीला पुन्हा एवढी मोठी चढाई करता आली नाही. दुहेरी वर्तुळ नाही, कारण त्याचे सैन्य पोटोमॅक ओलांडून सुटले.

१७ फेब्रुवारी

रेल्वेचा थर. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी रुळांची रुंदी ५ फूट, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात बऱ्याच मार्गांवर ४ फूट ८½ इंच. शहराशहरांत एका कंपनीचे रूळ दुसरीला जोडलेलेच नाहीत. एकाच जाडीची काळी रेघ ओढली की दक्षिणेला सलग जाळे होते असा भास होतो. रुंदी बदलते तिथे आडवी फुली.

त्या फुल्यांचा उपयोग चिकमॉगाच्या ओळीत दिसतो. सप्टेंबर १८६३ मध्ये बर्नसाइडने नॉक्सव्हिल घेतल्याने सरळ मार्ग तुटला. दक्षिणेच्या लाँगस्ट्रीटच्या माणसांना साडेपाचशे मैलांऐवजी कॅरोलायना, ऑगस्टा, अटलांटा असा नऊशेच्या घरातला फेरा पडला. निम्मीशीच वेळेवर पोचली, तोफा मागेच. तरी २० सप्टेंबरला एका चुकीच्या हुकमाने उत्तरेच्या फळीत भगदाड पडले, नेमके त्यातून ती घुसली. दोन्हीकडचे मिळून ३४ हजारांहून जास्त. पश्चिमेतली सर्वांत महागडी लढाई. मैदान दक्षिणेकडे. त्यांच्या सेनापतीने, ब्रॅगने, पाठलाग केला नाही. उत्तरेने २५ सप्टेंबरपासून वीस हजारांवर माणसे सुमारे १,२०० मैल रेल्वेने आणली, आणि नोव्हेंबरच्या २३ ते २५ तारखांत चॅटनूगात कोंडलेल्या आपल्या सैन्याभोवतीचा वेढा मोडला.

२४ फेब्रुवारी

१८६४ मध्ये तक्त्याचा साचाच कोलमडतो. तोवरची लढाई दोन-तीन दिवस चाले, मग सैन्ये महिनोन् महिने दूर. आता विल्डरनेस (५ ते ७ मे), स्पॉटसिल्व्हेनिया (८ ते २१ मे), कोल्ड हार्बर (३१ मे ते १२ जून) या तीन ओळींमध्ये रिकामी जागा उरतच नाही. वेगळे पाहिले तर तिन्ही ठिकाणी ग्रँटचा बेत फसला. ७ मेच्या रात्री सैन्य कोणत्या वाटेला वळले, ते महत्त्वाचे: आधीचे सेनापती अशा वेळी उत्तरेला परत जात, ग्रँट दक्षिणेला निघाला. म्हणून तीन ओळींना एकच कंस, शेवटचा रकाना सामाईक. सहा आठवड्यांत उत्तरेचे सुमारे ५५ हजार, दक्षिणेचे तीस-पस्तीस हजार; उत्तरेला भरती मिळत होती, दक्षिणेला नाही.

कोल्ड हार्बरला ‘अर्ध्या तासात ७ हजार’ हे लिहू नये. रेजिमेंटवार मोजणीत ३ जूनच्या सकाळच्या हल्ल्याचा आकडा साडेतीन ते चार हजार येतो. तोही काही कमी नाही.

पीटर्सबर्ग (१५ जून १८६४ ते २ एप्रिल १८६५) खूण नसून रेघ आहे. शेवटी ती तीस मैलांवर लांबली. नकाशात शहराला मिळणारे रेल्वेमार्ग घालून कोणता केव्हा तुटला ते लिहिले की वेढ्याची सगळी गोष्ट कळते: वेल्डन मार्ग ऑगस्ट १८६४ मध्ये, साउथ साइड १ एप्रिलच्या फाइव्ह फोर्क्सनंतर. दुसऱ्याच दिवशी लीने शहर सोडले.

३० जुलैच्या सुरुंगाला वेगळी चौकट. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणकामगारांनी ५११ फूट बोगदा खणला. एवढ्या लांब हवा खेळत नाही अशी लष्करी अभियंत्यांची खात्री होती. खाणकामगारांनी आपल्या फळीजवळ एक उभा धुरांडा काढला, त्याच्या बुडाशी आग ठेवली आणि तोंडापासून टोकापर्यंत लाकडी चौकोनी नळी टाकली. गरम हवा धुरांड्यातून वर गेली की ताजी हवा नळीतून टोकाशी ओढली जाई. ८,००० पौंड दारू उडाली. पण पुढे जाण्यासाठी तयार केलेली कृष्णवर्णीय डिव्हिजन आदल्या दिवशी बदलली गेली, आणि ऐनवेळी धाडलेली माणसे खड्ड्याच्या कडेने न जाता थेट आत उतरली. उत्तरेची हानी ३,८०० च्या आसपास, जागा तसूभर हलली नाही.

१ मार्च

अटलांटा. १७ जुलै १८६४ ला दक्षिणेच्या सावध जॉन्स्टनच्या जागी हूड आला. २०, २२ आणि २८ जुलैला तीन वेळा बाहेर पडून त्याने हल्ले केले, तिन्ही वेळा माणसे गमावली. शहर शेवटी पडले ते जोन्सबरोला मेकनचा रेल्वेमार्ग तुटल्यावर, २ सप्टेंबरला. दुसऱ्या रकान्यात निवडणूक. २३ ऑगस्टला लिंकनने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते की आपण बहुधा हरू. ८ नोव्हेंबरला तो निर्वाचक मंडळाच्या २१२ विरुद्ध २१ मतांनी निवडून आला. विरोधी उमेदवार मॅक्लेलन, म्हणजे याच तक्त्यातल्या दोन ओळींचा सेनापती. तिथे उलटसंदर्भ द्यायचा. हूडचे उरलेले सैन्य फ्रँकलिन (३० नोव्हेंबर) आणि नॅशव्हिल (१५–१६ डिसेंबर) येथे संपले. फ्रँकलिनला त्याचे सहा जनरल गेले.

५ मार्च

मुंबईची पट्टी, तक्त्याच्या तळाशी. ब्रिटिश गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस दक्षिणेतून जाई. एप्रिल १८६१ च्या नाकेबंदीनंतर तो आटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इथे ओळी जोडताना घाई नको: भाव लढाईच्या दिवशी हलत नसे, बातमी येईल तेव्हा हले. पट्टीत चारच नोंदी: नाकेबंदी, मुंबईत समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचा सट्टा, लीची शरणागती (९ एप्रिल १८६५) आणि वायद्यांच्या पूर्ततेचा १ जुलै १८६५, ज्या दिवशी मुंबईतल्या कित्येक पेढ्या बसल्या.

१० मार्च

छापण्याआधीची तपासणी. शेवटची ओळ पाल्मिटो रँच, १२–१३ मे १८६५. लीच्या शरणागतीला महिना उलटला होता, जॉन्स्टनही २६ एप्रिलला शरण गेला होता. ‘मैदान’ रकान्यात ‘दक्षिण’, पुढच्या रकान्यात आडवी रेघ. जागा रिओ ग्रांदच्या मुखाजवळ, आपल्या चौकटीच्या चारेक अंश खाली. त्यासाठी सबंध नकाशाचे माप बदलणे परवडत नाही. खालच्या डाव्या कडेवर बाण, शेजारी ‘ब्राउन्सव्हिल, टेक्सास’. छापखान्याला सांगायचे: कडेचा हा बाण समासात आहे, कापताना जाईल, म्हणून ४ मि.मी. आत घ्यावा.